कोरेगाव गाडीच्या कंडक्टर ताईंना

ताई,

मी स्टँडवर पोचेपर्यंत तुम्ही परतीची गाडी घेऊन निघून गेला होतात, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. गेल्या महिन्यातली संध्याकाळची सातारा-कोरेगाव गाडी आठवून बघा. पांढरा सदरा, पायात दोन वेगवेगळ्या चपला, दाराशी उभे राहिलेले म्हातारे गृहस्थ. ते माझे वडील, अण्णा.

अण्णा ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. चार वर्षांपासून अल्झायमर आहे. दिवसभर ठीक असतात, पण ऊन कललं की बेचैन होतात. "ड्युटीला उशीर झाला" म्हणत दाराची कडी खडखडवत राहतात. त्या दिवशी मी दूध उतरवायला आत वळले आणि तेवढ्यात कडी निघाली. दोन तास आम्ही अख्खा सातारा पालथा घातला.

पुढचं मला कोरेगावच्या कंट्रोलरनी सांगितलं. अण्णा चढले ते थेट तुमच्याकडे वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, मागायला लागले. तुम्ही वय बघून पंचाहत्तरीपुढचं शून्याचं तिकीट काढलंत, तर भडकले. "स्टाफला तिकीट?" नाव विचारलंत, गप्प. घर कुठे, गप्प. रडवेले झाले होते म्हणे. मागून कोणीतरी ओरडलंही, "उतरवा हो, घेऊन आलेले दिसतात." आणि तुम्ही विचारलंत, "साहेब, बिल्ला नंबर काय तुमचा?"

अण्णांनी ताठ उभं राहून घडाघडा सांगितला.

त्या आकड्यावरून कोणी कोणाला फोन केले, आमचा नंबर कसा सापडला, हे मला अजून धड ठाऊक नाही. मी त्या प्रश्नापाशीच अडकलेय.

कारण गेली चार वर्षं अण्णांना जो भेटतो तो त्यांची परीक्षाच घेतो. डॉक्टर तारीख विचारतात, शंभरातून सात वजा करायला लावतात. त्यांचं ते कामच आहे. पण पाहुण्यांचं काय? चहाचा कप हातात घेऊन, "ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?" माझा सख्खा भाऊसुद्धा व्हिडिओ कॉलवर हेच विचारतो आणि उत्तर आलं नाही की दोन दिवस फुगून बसतो. (दादा, वाचत असशील तर वाच.) बँकेत तर कहर झाला. सही जुळत नाही म्हणून तीनदा करायला लावली, वर लायनीसमोर ऐकवलं, "यांना काही कळत नाही तर आणता कशाला?" ज्या माणसाचा आयुष्यात सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकला नाही, त्याच्या हातातलं पेन थरथरत होतं. मी तेव्हा काहीच बोलले नाही, ते अजून सलतं.

हा आजार ताज्या आठवणी आधी नेतो, जुन्या, अंगवळणी पडलेल्या त्या मानाने उशिरा, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. पण मग जे शिल्लक आहे तेच विचारावं, हे काही सुचलं नाही. ते तुम्हाला सुचलं, चालत्या गाडीत, हातात तिकिटाचं मशीन आणि भोवती सुट्टे मागणारी गर्दी असताना.

आणि घंटीची दोरी! प्रत्येक थांब्यावर ती अण्णांच्या हातात दिलीत म्हणे. एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. मी पोचले तेव्हा ते कंट्रोलरच्या केबिनमध्ये बशीत चहा ओतून पीत होते. मला बघून म्हणाले, "आज गर्दी फार होती." कित्येक महिन्यांत त्यांचा इतका निवांत चेहरा पाहिला नव्हता.

देशात साठीपुढच्या ८८ लाख माणसांना अल्झायमर किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकारचा स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज आहे. तेव्हा तुमच्या गाडीत आणखी कोणी ना कोणी चढणारच. त्यांच्या नशिबात तुमचीच फेरी असू दे.

आता अण्णांच्या सदऱ्याच्या खिशाला आतून फोन नंबर शिवलाय. पाच वाजले की मीच विचारते, "साहेब, बिल्ला नंबर?" सांगतात. मग वेबिल म्हणून एक जुनी वही पुढे करते, तिच्यात आकडे मांडत बसतात. रोज जमतंच असं नाही, परवा वही माझ्या अंगावर भिरकावली. काल मात्र नंबर सांगून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुझा?"

तुमचा ठाऊक असता, तर तोच सांगितला असता.