पोस्टडॉकच्या जागा नेमक्या कुणासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मल्टि-एजंट एआयमधील, म्हणजे स्वतः निर्णय घेणारे अनेक प्रोग्रॅम (एजंट) एकत्र वागतात त्या विषयातील, पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन पदांच्या) संधींवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. जागा वाढताहेत हे खरंच आहे. पण त्या फक्त मशीन लर्निंगवाल्यांच्या (यंत्राला माहितीवरून शिकवणाऱ्यांच्या) आहेत, असा जो लेखाचा सूर लागला तो काही पटला नाही. अर्थात दोष एकट्या लेखकाचा नाही, जाहिरातीही तशाच निघतात.

एक एजंट हुशार करणं वेगळं आणि अनेक एजंट एकत्र नांदवणं वेगळं. 2011 मध्ये अ‍ॅमेझॉनवर जीवशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकाची किंमत 2 कोटी 36 लाख डॉलरच्या वर गेली होती. दोन विक्रेते, दोघांचेही भाव प्रोग्रॅम ठरवायचा. एकाचा नियम समोरच्याच्या किमतीच्या 0.9983 पट, दुसऱ्याचा 1.270589 पट. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी बिनचूक, पण दर फेरीला किंमत सव्वापटीहून जास्त वाढत गेली. यात शिकणारं यंत्र कुठेच नव्हतं. ते आल्यावर काय होतं, हे 2020 मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांच्या संगणकीय प्रयोगात क्यू-लर्निंगचे (चुकत-माकत, फायदा पाहून शिकणारे) साधे प्रोग्रॅम एकमेकांशी अवाक्षर न बोलता भाव चढे ठेवायला शिकले. एकाने भाव पाडला की दुसरा त्याला काही काळ धडा शिकवायचा आणि मग दोघंही हळूहळू पुन्हा चढ्या भावावर यायचे!

हे ओळखायला बाजाराची जाण असलेला माणूस लागला. या विषयाचा पायाही अशाच मंडळींनी घातला आहे. शॅप्ली यांनी 1953 मध्ये मांडलेले स्टोकॅस्टिक गेम्स, म्हणजे खेळाडूंच्या चालींनी आणि नशिबाने परिस्थिती बदलत जाणारे खेळ, गणित-अर्थशास्त्रातले. संगणकशास्त्रज्ञ लिटमन यांनी 1994 मध्ये तीच चौकट रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये (बक्षीस-शिक्षेतून यंत्राला शिकवण्याच्या पद्धतीत) आणली. सहकार्य कसं टिकतं हे पाहायला संगणक-प्रोग्रॅमच्या स्पर्धा भरवणारे अ‍ॅक्सलरॉड राज्यशास्त्राचे. आजच्या जाहिरातींची चाळणी लावली तर यातले निम्मे मुलाखतीपर्यंतही पोचले नसते. पीएचडीनंतर शाखा ओलांडायची तर पोस्टडॉक हीच शेवटची सोयीची वेळ. नेमकी तिथेच नामांकित एआय कॉन्फरन्समधल्या पेपरांची अट येते.

दुसरा मुद्दा मुदतीचा. 'एक वर्ष, कामगिरी पाहून मुदतवाढ' ही अट सर्रास दिसते. हनाबी नावाचा पत्त्यांचा सहकारी खेळ घ्या. स्वतःशीच खेळून तयार झालेले एजंट आपसांत उत्तम खेळतात, पण अनोळखी भिडू आला की त्यांची पार गडबड उडते, कारण त्यांच्या खाणाखुणा त्यांच्यापुरत्याच. अनोळखी भिडूशी, विशेषतः माणसाशी, कसं जुळवून घ्यायचं हा अजून उघडा प्रश्न आहे. त्यावर प्रयोग करायचा तर एथिक्स कमिटीची मंजुरी, माणसं जमवणं, चाचणी, फेरचाचणी आली. वर्षभराच्या करारावरचा माणूस हे अंगावर घेणार नाही; तो लार्ज लँग्वेज मॉडेलचे (चॅटबॉटमागच्या भाषा-प्रोग्रॅमचे) चार एजंट एकमेकांशी बोलायला लावून पटकन पेपर काढेल. आणि त्याला दोष तरी कोण देणार?

मोठ्या कंपन्यांपुढे विद्यापीठांचा निभाव कसा लागणार, असंही लेखात सुचवलं आहे. अल्फास्टारसारखं (स्टारक्राफ्ट हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या डीपमाइंड कंपनीच्या एआयसारखं) प्रचंड संगणकशक्तीचं काम त्यांनाच परवडतं, मान्य. पण वर सांगितलेल्या भावांच्या प्रयोगाला तसल्या यंत्रांची गरज पडली नव्हती.

पुढच्या लेखात उमेदवारांसाठी काही प्रश्न जरूर छापावेत. दुसऱ्या वर्षाचा पगार लेखी मंजूर आहे का? संगणकशास्त्राबाहेरचा सहमार्गदर्शक मिळेल का? माणसांवरच्या चाचण्यांसाठी वेगळा निधी आहे का? आणि प्रयोग फसला तर तो निकाल छापायला गाइड तयार आहे का? हा शेवटचा प्रश्न मुलाखतीत विचारायला जड जातो. तो त्याच गटातल्या आधीच्या पोस्टडॉकला फोन करून विचारलेला बरा.

आपला,
एक वाचक