दडवादडवीतून वाढणारा संशय

महोदय,

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयालगत हुतात्मा झाले. त्यांच्याच गाडीत असलेल्या आणि बचावलेल्या पोलिसाची साक्ष आणि कसाब खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल समोर असूनही करकरे यांच्या मृत्यूमागे कट शोधणारे आजही भेटतात. हे तर्क मला निराधार वाटतात. परंतु करकरे यांचे बुलेटप्रूफ जॅकेट गहाळ होते आणि हल्ल्याच्या वेळच्या पोलिसी कारवाईची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीचा एप्रिल २००९ मध्ये सादर झालेला अहवाल विधिमंडळापुढे यायला डिसेंबर उजाडतो, तेव्हा शंकेला जागा शासनच करून देते. त्या जॅकेटसाठी वीरपत्नीला माहिती अधिकाराचा आधार घ्यावा लागला, हे मुंबईकर म्हणून मला अजूनही सलते. सुरक्षेशी निगडित भाग वगळून चौकशीची सर्व कागदपत्रे मराठीतून खुली करावीत.

— एक वाचक, दादर