फेलोशिपवाल्यांसाठी: शिफारसपत्रं आत्ताच मागा, आणि रविवारची भेट

नमस्कार मंडळी, अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (एमबीबीएसनंतरचं प्रशिक्षण) करणारे आणि पुढच्या फेलोशिपसाठी, म्हणजे सुपरस्पेशालिटी प्रशिक्षणासाठी, कार्डिओलॉजी किंवा गॅस्ट्रोला (पोटाचे विकार) अप्लाय करणारे जेवढे आहात त्यांनी हे नीट वाचा. इरासवर (ERAS, अर्ज करायची ऑनलाइन यंत्रणा) अर्ज जुलैत जातात आणि मॅचचा, म्हणजे कुणाला कुठला प्रोग्राम मिळाला याचा, निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो, म्हणजे शिफारसपत्रं मेमध्येच मागायला हवीत, जूनच्या शेवटी सर सुट्टीवर गेले की आपण लटकतो, माझं स्वतःचं असंच झालं होतं, एक पत्र तीन आठवडे उशिरा आलं आणि रात्र रात्र झोप नव्हती.

एका प्रोग्रामला जास्तीत जास्त 4 पत्रं, त्यात प्रोग्राम डायरेक्टरचं हवंच. मोठ्या नावापेक्षा ज्यांनी तुम्हाला वॉर्डात काम करताना पाहिलंय त्यांचं घ्या, हे मी मनापासून सांगतेय.

व्हिसाचं आधी बघा. काही प्रोग्राम फक्त जे-1 (एक्स्चेंज व्हिसा) देतात, एच-1बीला (नोकरीचा व्हिसा) स्टेप 3, म्हणजे अमेरिकेच्या डॉक्टरी परवान्याची शेवटची परीक्षा, पास लागते. जे-1 वर असाल तर फेलोशिपसाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड (या स्पेशालिटीच्या डॉक्टरांची भारताला गरज आहे असं पत्र) नव्याने लागतं, त्यात स्पेशालिटीचं नाव बरोबर हवं, आणि याला वेळ लागतो हो, पुण्यातल्या आईबाबांना नोटरी आणि कुरियरसाठी शेवटच्या क्षणी पळवू नका.

येत्या रविवारी भारतीय वेळेनुसार सकाळी 7:30 ला झूमवर भेटू, तिकडे अमेरिकेत ईस्टर्न टाइमला शनिवारी रात्रीचे 10. पर्सनल स्टेटमेंटचा (अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन) कच्चा ड्राफ्ट असेल तसा आणा, आपण एकेक वाचू. ज्यांची मागच्या वर्षी मॅच झाली नाही त्यांनी तर नक्की या, तुमच्यासाठी वेगळा वेळ ठेवलाय.