‘शरीफ’चा मूळ अर्थ

महोदय,

शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी यांच्या नावाचा अर्थ ‘साधा, सरळमार्गी माणूस’ असा सांगितलेला अनेकदा वाचनात येतो. हिंदी बोलण्यात ‘शरीफ आदमी’ म्हणजे सज्जन, म्हणून हा समज रूढ झाला असावा. पण अरबीतला मूळ अर्थ त्याहून बराच भारदस्त आहे.

श-र-फ या धातूत उंचीची कल्पना आहे. उंच जागा, त्यावरून उच्च पद, मान आणि थोर कुळ असा अर्थविस्तार होत ‘शरीफ’ म्हणजे कुलवंत ठरला. प्रेषितांचे नातू हसन यांच्या वंशजांना ही उपाधी लावली जात असे आणि मक्केचे अधिपतीही ‘शरीफ’ म्हणवले जात. 1916 मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध उठाव पुकारणारे हुसेन हे त्यांपैकीच. अश्रफ, मुशर्रफ ही नावे याच धातूची आहेत. गंमत म्हणजे आपल्या गोष्टींतली अशर्फीही त्याच घरातली, कारण इजिप्तचा सुलतान अल-अश्रफ बार्सबाय याच्या उपाधीवरून त्या सोन्याच्या नाण्याला ते नाव मिळाले.

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ या पिराला मालोजीराजांनी नवस केला आणि त्याच्या नावाचे दोन भाग दोन मुलांना दिले, अशी परंपरा सांगते. त्यातला ‘शाह’ फारसी, ‘शरीफ’ अरबी आणि दोन्हींना जोडलेला ‘जी’ मात्र आपला. हे शरीफजी 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत धारातीर्थी पडले.

– एक वाचक, अहिल्यानगर