ट्रान्सफॉर्मर ड्राय टाइप घेतला, पण त्याच्या खोलीचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या गोव्यात पर्वरी, ताळगाव, करंजाळे, दाबोळी या बाजूला हल्ली ज्या मोठमोठ्या इमारती झाल्या, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची, केबल थेट आवारात येते आणि ट्रान्सफॉर्मर स्टिल्टला नाहीतर बेसमेंटमध्ये बसवतात. नियम सरळ आहे. राहत्या किंवा व्यापारी इमारतीच्या आत बसवायचा तर ड्राय टाइप, म्हणजे तेलाऐवजी हवेनं गार होणारा, तोच लागतो, केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम तेच सांगतात, कारण आत तेलच नाही तर तेलाचा भडका उडायचा प्रश्न नाही. बरोबरच आहे ते. पण बिल्डर एवढं सांगून मोकळा होतो, सोसायटीवाले मान डोलावतात, आणि बाकीचं कोणी विचारत नाही. मी जन्मभर इलेक्ट्रिकल सुपरवायझरचं काम केलं, आता निवृत्त आहे, म्हणून बाकीचं लिहितो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते माल साइटवर आल्यापासून लाइन चालू होईपर्यंतच्या काळात. ट्रान्सफॉर्मर एप्रिल-मेमध्ये येतो, खोलीला दार नसतं, वर प्लास्टिक टाकून ठेवतात, बाजूला प्लास्टर आणि ग्रॅनाइटचं कटिंग चालू, ती सगळी भुकटी कॉइलवर आणि कॉइलच्या मधल्या फटींत जाऊन बसते, मग आपला पाऊस लागतो, वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पडतो तो, आणि समुद्राकडच्या हवेत मीठ असतंच. धूळ, मीठ आणि ओल एकत्र झाली की पृष्ठभागावरून करंट सरपटायला लागतो, त्याला आम्ही ट्रॅकिंग म्हणतो, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी ताबा द्यायचाय म्हणून घाईत लाइन चार्ज केली, म्हणजे वीज सोडली, की पहिल्याच दिवशी फ्लॅशओव्हर, म्हणजे पृष्ठभागावरून मोठी ठिणगी, होऊ शकतो. खरं तर काम अवघड नाही. व्हॅक्यूमनं किंवा कोरड्या हवेनं साफ करायचं, हीटर लावून वाळवायचं, मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) मारून इन्सुलेशनची व्हॅल्यू लिहून ठेवायची, ती उत्पादकानं दिलेल्या आकड्यापेक्षा कमी आली तर चार्ज करायचाच नाही. मोठ्या शटडाउननंतर पावसाळ्यात पुन्हा चालू करतानाही हेच. ऑर्डर देतानाच दमट हवेसाठीचा ई2 क्लास मागून घ्यावा, एन्क्लोजरमध्ये स्पेस हीटर घ्यावा. इथं पैसे वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

दुसरं म्हणजे हवा. तेल नाही म्हटल्यावर गार करायला फक्त हवाच राहिली. 500 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर फुल लोडवर साधारण 6-7 किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे बंद खोलीत एकेक किलोवॉटचे सहा-सात रूम हीटर लावून ठेवल्यासारखंच. गार हवा खालून आत यायला जाळी हवी आणि समोरच्या भिंतीला वरच्या बाजूला गरम हवा जायला जाळी हवी, तेवढ्यानं भागत नसेल तर एक्झॉस्ट फॅन. एफ क्लास इन्सुलेशनची तापमानाची मर्यादा 155 अंश आहे, पण हिशोब धरलेला असतो तो भोवतीची हवा ठरावीक तापमानाच्या आत राहील असा, आणि मे महिन्यात कोंडलेल्या खोलीत ती सहज वर जाते. वाइंडिंगमध्ये, म्हणजे कॉइलमध्ये, तापमानाचे सेन्सर असतात, दारावर डिस्प्लेही छान लुकलुकत असतो, पण त्याची ट्रिपची, म्हणजे जास्त तापलं की लाइन तोडायची, वायर ब्रेकरपर्यंत नेलेलीच नाही अशी पॅनलं मी पाहिलीत! आणि जाळीसमोर काय, तर गणपतीचा मंडप, जुन्या गाद्या, रंगाचे डबे. रंगाचे डबे म्हणजे कमाल आहे, आग लागू नये म्हणून महागडा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि शेजारी थिनर ठेवायचा.

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 सांगते की पाण्याच्या टाकीच्या किंवा एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीच्या) लगेच वर-खाली सबस्टेशन नको, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. पावसात बेसमेंटमध्ये किती पाणी साचतं ते पर्वरीवाल्यांना मी काय सांगू, तेव्हा फाउंडेशनची उंचीही आधीच बघा.

आणखी एक, हे जिवाशी आहे. कास्ट रेझिन, म्हणजे रेझिनमध्ये ओतून बंद केलेली, कॉइल बाहेरून गुळगुळीत आणि बंद दिसते, लोकांना वाटतं वर इन्सुलेशन आहे, हात लागला तर काय होतंय. लाइन चालू असताना तो पृष्ठभाग लाइव्ह आहे असंच धरायचं. म्हणून एन्क्लोजर पाहिजे, त्याचं दार उघडलं की एचटी, म्हणजे 11 केव्हीच्या बाजूचा, ब्रेकर ट्रिप होईल असं इंटरलॉक पाहिजे, आणि धोक्याची पाटी इथल्या लोकांना वाचता येईल अशी. न्यूट्रलला दोन वेगळी अर्थिंग, बॉडीलाही दोन, ती बहुतेक ठिकाणी असतात. आपल्याकडे मेमध्ये विजा कडाडतात, तेव्हा केबलच्या टोकाला लाइटनिंग अरेस्टर आहे का तेही बघावं.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी अमेरिकेच्या एनईसीचं, म्हणजे तिकडच्या वीज संहितेचं, फॉरवर्ड टाकतो, 112.5 केव्हीएपर्यंत चालतं, जळणाऱ्या वस्तूंपासून 12 इंच जागा सोडली की झालं वगैरे. अहो ते तिकडचं, आपल्याकडे सीईएचे, म्हणजे केंद्रीय वीज प्राधिकरणाचे, नियम आणि आयएस, म्हणजे भारतीय मानकं, लागू. तिकडच्या छोट्या लो व्होल्टेज युनिटचा हिशोब आपल्या 11 केव्हीला लावू नका.

आता मागणी. विद्युत निरीक्षकाची मंजुरी असेल नाहीतर नियमात बसणाऱ्या चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनिअरचं सर्टिफिकेट असेल ते, मेगरच्या व्हॅल्यू, अर्थिंगचा रेझिस्टन्स, ट्रिप टेस्टचा रिपोर्ट, हे सगळं ताबा देताना सोसायटीच्या हातात पडलं पाहिजे. कागदपत्रं द्यायची जबाबदारी रेरा कायद्यानं बिल्डरवर टाकलेलीच आहे, त्यात ट्रान्सफॉर्मरची फाइल वेगळी मागून घ्या. वीज खात्यानं आणि अग्निशमन दलानं तपासणीला आल्यावर या खोलीचं दार उघडायला लावावं, नुसता कागद बघून जाऊ नये. आणि खोलीची किल्ली वॉचमनच्या खिशात नको, लायसनवाल्या माणसाकडे हवी, त्याचा फोन नंबर दारावर मोठ्या अक्षरात लिहा.

एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर, फोंडा