मजूर मिळत नाहीत म्हणतोस, म्हणून हे पत्र

सिडको, नाशिक

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तावातावाने बोलत होतास, तेवढ्यात बागेतून कुणीतरी हाक मारली आणि माझं उत्तर राहून गेलं. "रेशन फुकट, वर लाडकी बहीण. आता थिनिंगला, द्राक्षाचे मणी विरळायला, कोण येणार? सगळे ऐतखाऊ झालेत." हे वाक्य ओझरपासून निफाडपर्यंत प्रत्येक पारावर ऐकू येतं. पण निम्मी नोकरी तहसीलच्या पुरवठा शाखेत काढल्यामुळे मला काही गप्प बसवत नाही.

आधी त्या 'फुकट'चा हिशोब करू. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे; त्याआधी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. म्हणजे मोफत झाल्याने पाच माणसांच्या घरात महिन्याला साठ-सत्तर रुपये वाचले. एवढ्यावर सुरगाण्याच्या डोंगरातून येणारा गडी कामचुकार झाला, असं तुला खरंच वाटतं? माणशी दिवसाला पावशेरसुद्धा धान्य पडत नाही. तेल, डाळ, मीठमिरची, पोरांच्या वह्या, सगळं त्याचं त्यालाच बघायचं.

पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या दिवाळीनंतर आपल्याकडे उतरतात, कारण भात-नागली निघाली की तिकडे पाणी नाही आणि कामही नाही. ते अजूनही येतात. फरक एवढाच झालाय की पूर्वी घरात दाणा नसायचा, म्हणून तू म्हणशील त्या रोजाला हो म्हणायचे. आता चार बागांमध्ये दर विचारतात, उचल किती देणार ते ठरवतात, नाही पटलं तर आठवडाभर थांबतात. तू कांदा चाळीत भरून भावाची वाट बघतोस, तेव्हा तुला कुणी आळशी म्हणतं का? तुला राग आलाय तो त्यांच्या आळसाचा नाही रे, त्यांना थांबता येऊ लागलं याचा आहे.

आणि हे फक्त माझं मत नाही. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये सहा देशांतल्या सात रोख मदत योजना तपासल्या. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम सोडलं, असा पुरावा त्यांना कुठेच सापडला नाही.

"आमच्या टॅक्सवर जगतात" हेही तू म्हणालास. काडेपेटी घेतली तरी जीएसटी लागतो, तो मजूरही भरतो. तुझं द्राक्षांचं उत्पन्न मात्र आयकरातून मुक्त. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला 12,000 तुझ्या खात्यात येतात, त्याला आपण हक्क म्हणतो. तो आहेच, माझी तक्रार नाही. पण तुमच्या विहिरीला ज्या पाझर तलावाचं पाणी आहे, तो रोजगार हमीवर बांधलेला. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागेंची ही योजना राज्यभर गेली, पुढे तिच्यासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. ज्यांनी खडी फोडली त्यांना तेव्हा रोजची मजुरी मिळाली, तुमची बाग त्या पाण्यावर अजून उभी आहे. मग लाभार्थी कोण?

लबाडी होते, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण लाडक्या बहिणीत दोन हजारांहून जास्त सरकारी कर्मचारी निघाल्या, म्हणजे पगारदार, कागदपत्रांत तरबेज. गरिबाचं उलटं होतं. निराधार किंवा श्रावणबाळ या पेन्शन योजनांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला पावणेदोन हजार! एवढ्यात कोण जगतं? म्हणून खरं बोलणारा अपात्र ठरतो. ज्यांची बोटं मातीकामाने झिजलीत त्यांचा अंगठा रेशन दुकानातलं मशीन घेत नाही, आणि मागे रांगेतला कुणीतरी म्हणतो, "फुकटचं हवं, मग थांबा."

तुमच्याकडे इतकी वर्षं छाटणीला येणाऱ्या मावशी पासष्टीच्या पुढे गेल्या असतील. गावात त्यांच्या नावावर काही नाही, असं वहिनी म्हणत होत्या. श्रावणबाळचा अर्ज भरू, महिन्याला 1,500 मिळतील. त्यांचं आधार, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक मागून ठेव. दाखल्याचं मी बघतो. अर्ज त्यांच्याच तालुक्यात द्यावा लागेल, तेव्हा एक दिवस गाडी काढायची तयारी ठेव. मजुरी बुडते म्हणून त्या नको म्हणतील. त्या दिवसाचा रोज तू दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर