वाड्याच्या भिंतीवरचं शेवाळ

पुणे

प्रिय सुहास,

वाड्याच्या मॉडेलवर शेवाळ रंगवणारा ब्रश ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्वतःच लिहायचा म्हणतोस, तर लिहीच. ओल जोत्याच्या काळ्या दगडातून वर चढते, पन्हळीखाली ओघळते. तयार ब्रशला ते कळत नाही. तुझ्या स्क्रिप्टला प्रत्येक व्हर्टेक्सची (मॉडेलच्या जाळीतल्या बिंदूची) उंची आणि नॉर्मल (तिथला पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ती दिशा) विचारता येतो.

रंगासाठी, म्हणजे प्रत्येक व्हर्टेक्सचा रंग साठवायला, कलर अ‍ॅट्रिब्यूट कर. डोमेन पॉइंट (रंग व्हर्टेक्सवर बसतो), प्रकार फ्लोट कलर (दशांशात). बाइट कलरमध्ये चॅनलला २५६च पायऱ्या, हलके फटकारे त्यात गिळले जातात. आणि जाळी विरळ असेल तर रंग टेकायला जागाच नाही. ब्रशची त्रिज्या कडेच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी.

खरी मारामारी किरणाशी, म्हणजे माउस भिंतीवर नेमका कुठे टेकतो हे शोधायला स्क्रीनमधून मॉडेलकडे सोडलेल्या रेषेशी. माउसची जागा रीजनमधली (त्रिमितीय दृश्याच्या चौकटीतली) घे, ब्लेंडरच्या अख्ख्या खिडकीतली घेतलीस तर ठसा बाजूला पडतो. मग किरण ऑब्जेक्टच्या अवकाशात (भिंतीच्या स्वतःच्या मोजमापात) आणायचा: उगमाला भिंतीच्या पूर्ण इन्व्हर्स मॅट्रिक्सने (तिचं सरकणं-फिरणं उलटवणाऱ्या कोष्टकाने) गुण, दिशेला फक्त तिच्या ३×३ भागाने. दिशेलाही पूर्ण मॅट्रिक्स लावलीस तर भिंत मूळ बिंदूवर असेपर्यंत सगळं ठीक दिसतं आणि भिंत हलवली की ब्रश भलतीकडे रंगवतो. ही चूक फार उशिरा सापडते.

किरण लागला की त्या बिंदूभोवतीचे व्हर्टेक्स केडी-ट्रीतून (जवळचे बिंदू झटपट शोधणाऱ्या रचनेतून) काढ (भरल्यावर बॅलन्स करायला विसरू नकोस, नाहीतर एरर). पातळ भिंतीत पलीकडच्या बाजूचेही व्हर्टेक्स त्रिज्येत येतात आणि शेवाळ आतल्या खोलीत उगवतं! म्हणून लागलेल्या जागेचा नॉर्मल आणि व्हर्टेक्सचा नॉर्मल यांचा डॉट गुणाकार शून्याहून कमी आला (म्हणजे दोघांची तोंडं उलट दिशांना) की तो व्हर्टेक्स सोडून दे. ठसा लंबगोल उमटला तर स्केल अप्लाय (ऑब्जेक्टला दिलेला ताण जाळीतच मुरवणं) करायचं राहिलंय.

माउस जोरात फिरला की ठिपके सुटे पडतात. दोन जागांमध्ये त्रिज्येच्या पाव अंतरावर ठसे भर. पण मग एकावर एक बसून रंग गडद होतो. त्यासाठी फटकाऱ्याआधीचा रंग जपून ठेव आणि प्रत्येक व्हर्टेक्सवर त्या फटकाऱ्यातला सर्वांत मोठा प्रभावच लाव.

रंग जाळीत लिहिताना पायथनचा लूप नको, फोरईच-सेटला (सगळे आकडे एकदम भरणाऱ्या फंक्शनला) व्हर्टेक्समागे रंगाच्या ४ आकड्यांची सपाट अ‍ॅरे दे, मग मेश (जाळी) अपडेट. हे ऑब्जेक्ट मोडमध्येच.

माउसचं बटण सुटलं की ऑपरेटर (ब्लेंडरमध्ये चालणारी तुझी आज्ञा) संपव आणि त्याला अनडू पर्याय दे, म्हणजे एक फटकारा एका कंट्रोल-झेडला जाईल. आधी दोन खणांच्या भिंतीवरच करून बघ.

तुझा,
अभय